दुसरं पाणी

"काका, गणपतीला अजून पाच महिने आहेत की! हौद आत्ताच काढला तुमच्या अनिरुद्धसाहेबांनी?" वॉचमननं गेटापाशीच विचारलं, आणि सुखदेवला आधी काही कळेचना.

मग पार्किंगच्या टोकाला त्याला तो दिसला. निळा, प्लास्टिकचा, कमरेइतका उंच हौद. विश्रांतवाडीतल्या त्या सोसायटीत दरवर्षी विसर्जनाला काढतात तोच. फेलोशिप नावाच्या नव्या चर्चमधली दोन माणसं तो उचलून भावाच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटच्या मागच्या मोकळ्या जागेत नेत होती आणि पुतण्या अनिरुद्ध पाण्याचा पाइप खांद्यावर टाकून त्यांच्यामागं चालला होता. सुखदेव रविवारची उपासना आटोपून, सफारी न बदलता तसाच आला होता. सकाळी पुतणीचा, दीपालीचा फोन आला होता, काका ताबडतोब या, अनिनं काहीतरी भलतंच काढलंय. भलतंच म्हणजे काय, ते तिनं फोनवर सांगितलं नव्हतं. आता सांगायची गरजही उरली नाही.

पाटोळ्यांच्या घरात राग आला की आवाज चढत नाही, उतरतो. सुखदेवचा इतका उतरला की पाइपवाल्या पुतण्याला पुढं वाकून ऐकावं लागलं.

"हे काय आहे?"

"पप्पांचा बाप्तिस्मा आहे काका. चार वाजता."

"तुझ्या पप्पांचा बाप्तिस्मा एकोणीसशे सत्तेचाळीस साली झालाय. तीन महिन्यांचा होता. पाळकानं डोक्यावर पाणी शिंपडलं, आमच्या आजोबांनी त्याला हातावर धरला होता. दाखला माझ्याकडे आहे. झेरॉक्स काढून देऊ?"

"तीन महिन्यांच्या बाळाला काय कळतं? ते कोणीतरी त्याच्या वतीनं केलेलं. नव्यानं जन्म घ्यायचा तर माणसानं स्वतः घ्यायला हवा. कळत्या वयात."

"अठ्ठ्याहत्तर म्हणजे कळतं वय झालं वाटतं. घाईच केली म्हणायची त्यानं." सुखदेवनं हौदाकडे बोट केलं. "आणि ज्यात सोसायटीचे सगळे गणपती जातात, त्यात माझ्या भावाला बुडवणार तू?"

"फेलोशिपचा टब तडकलाय. हा स्वच्छ धुतलाय. डेटॉल टाकून."

"अरे वा. डेटॉल टाकून."

एवढं बोलून तो घरात शिरला. चपला त्यानं दारातच सोडल्या. राग फक्त हौदाचा नव्हता. मंडळीच्या, म्हणजे त्यांच्या जुन्या चर्चच्या, कब्रस्तान समितीचा सचिव होता तो. कोणाची कबर केव्हा उघडायची, ते त्याच्या सहीनं ठरायचं. शहरात जागा उरलेली नाही, त्यामुळं एका घराण्याला एक कबर. आधीच्याच्या वर पुढचा. पाटोळ्यांच्या कबरीत त्यांची आई होती, आणि तिच्या कुशीपाशी थोरल्या भावाची, शांतवन मास्तरांची, पहिली मुलगी करुणा. अकरा महिन्यांची गेली होती. तिच्यावर आता शांतवन मास्तर जाणार, त्यांच्यावर कधीतरी त्यांची बायको सुंदराबाई. सगळं ठरलेलं.

पण मंडळीत एक नियमही होता. जो दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेईल त्याचं नाव सभासदांच्या यादीतून कमी होईल, आणि नाव कमी झालेल्यासाठी कबर उघडली जाणार नाही. नऊ वर्षांपूर्वी तरुण मंडळी एकामागून एक नव्या, बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या हॉलांकडे वळायला लागली तेव्हा केलेला नियम. आणि तो ज्यांनी वळणदार अक्षरात लिहून काढला, पंचांपुढं वाचून दाखवला, ते तेव्हाचे ज्येष्ठ पंच म्हणजे खुद्द शांतवन मास्तरच.

*

दीपालीला वाटलं होतं, काका आले की प्रश्न मिटेल. तिनं त्यांच्यासाठी पाणी आणलं. त्यांनी ग्लास तसाच टीपॉयवर ठेवला.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गुरुवारीच घरी पाठवलं ना. फुप्फुसं दगड झालीत. मशीनवर असताना ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी. नाकातली नळी काढून मी तोंड पुसते, तेवढ्यात पंच्याहत्तरवर येतो." ती पंचवीस वर्षं वॉर्डात काढलेली नर्स होती. असले आकडे सांगताना तिचा आवाज हलत नसे, आज हलला. "आठवडा. फार तर दोन. आणि ह्याला त्यांना पाण्यात घालायचंय!"

मागून अनिरुद्ध ओल्या पायांनी आत आला. "ताई, तू त्यांच्या शरीराचं बघ. मला त्यांच्या आत्म्याचं बघू दे."

"शरीर बंद पडल्यावर आत्मा कुठं ठेवणारेस? फ्रीजमध्ये?"

"तू चेष्टा कर. सहा वर्षं मी त्यांच्यासाठी रडून प्रार्थना केलीये. आत्ता ते गेले तर कुठं जातील, ह्या विचारानं मला झोप नाही. तुला कळतंय का मी काय म्हणतोय? कुठं जातील!"

भावाला बोलायला दीपालीकडे पुष्कळ होतं, पण एका गोष्टीपाशी ती नेहमी अडायची. हाच अनिरुद्ध आठ वर्षं प्यायला होता. खराडीतली नोकरी गेली, शेफाली लेकीला घेऊन माहेरी गेली, आणि एका दिवाळीत तर दीपालीनं स्वतः त्याला नाल्याच्या कडेवरून उचलून आणला होता. मग कुठल्याशा हॉलमधल्या सभेत तो उभा राहिला, ढसाढसा रडला, आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवला नाही. शेफाली परत आली. नोकरी मिळाली. जुना अनिरुद्ध मेला, असं तो सांगायचा तेव्हा घरातल्या कोणालाच ते खोटं म्हणता यायचं नाही. चिडायला व्हायचं, पण खोटं म्हणता यायचं नाही.

सोफ्याच्या कडेला एक सडपातळ माणूस इतका वेळ काही न बोलता बसला होता. सुखदेवनं आता मोर्चा तिकडे वळवला.

"आपण पास्टर?"

"हो काका. संतोष."

"शिक्षण कुठं झालं आपलं? कुठल्या सेमिनरीत?"

"सातवी झालीये. रिक्षा चालवायचो मी. आळंदी रोडला."

"अस्सं. मग आमच्या दादाला मीटरनं नेणार, का ठरवून?"

"काका!" अनिरुद्ध ओरडला. पण संतोष हसला, आणि ते हसणं खरं होतं. दीपालीला तो माणूस आवडायला नको होता.

"मी अनिरुद्धभाऊंना आधीच सांगितलंय काका," तो म्हणाला. "पाण्यात काही नसतं. टाकीतलंच पाणी ते. माणसाचा आतून नवा जन्म होतो, तो देव करतो. त्याला स्वतःला कळतं, की काल मी कोण होतो आणि आज कोण आहे. पाणी ही नुसती त्याची साक्ष. मास्तरांच्या आत तसं काही झालंय का, ते त्यांनी स्वतः मला सांगायचं. नाही म्हणाले, तर हौद भरलेला असला तरी मी निघून जाईन."

"आणि आमच्यात काय होतं मग? आमच्यात नवा जन्म होत नाही?" सुखदेवचा आवाज आणखी उतरला. "आमच्यात लहानपणी पाणी पडतं आणि मग जन्मभर माणूस त्या पाण्याला जागतो. रोज थोडा थोडा. रडारड नाही, तारीख-वार नाही. पण होतो तो माणूस नवा. आमचा आजोबा भागाजी. ज्या दिवशी त्यानं ते पाणी घेतलं, त्या दिवशी भावकीनं त्याला तोडला. गावानं काम बंद केलं. लेकीला नवरा मिळेना. परत ये म्हणाले, तो गेला नाही. तुम्ही दुसरं पाणी घेता ना, तेव्हा त्याच्या तोंडावर सांगता, की म्हाताऱ्या, तुझं पाणी खोटं होतं!"

कोणी काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून स्टीलच्या ग्लासावर चमचा वाजला. मास्तरांना बोलायला दम पुरत नाही म्हणून सुंदराबाईंनी उशाशी ठेवून दिला होता.

*

शांतवन मास्तरांना भिंतीपलीकडचं सगळं ऐकू आलं होतं. फुप्फुसं गेली तरी कान शाबूत होते, हा एक त्रासच झाला होता. दारात सगळे गोळा झाले. पायाशी बायको बसली होती, ती सकाळपासून तिथंच होती, त्यांच्या पायांना तेल चोळत.

"अनिला बोलू नका," ते म्हणाले. मग थांबले. नळीतून हवा येत राहिली. "मी बोलावलंय. त्यानं नाही."

अनिरुद्धनं खाली पाहिलं. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांच्या शिव्या तो स्वतःवर घेत होता. मास्तरांना ते आत्ता कळलं.

"दादा, तू?" सुखदेव म्हणाला. "तू नियम लिहिलास!"

"लिहिला. इंदुबाई आठवते?"

आठवत होतीच. मंडळीतली विधवा, शाळेत शिपाई होती. साठी उलटल्यावर तिनं बुडवून बाप्तिस्मा घेतला, तिचं नाव यादीतून गेलं, आणि तीन वर्षांपूर्वी ती आजारी पडली तेव्हा नवऱ्याच्या कबरीत जागा मिळावी म्हणून तिच्या लेकीनं अर्ज केला. पंचांनी नाकारला. तो निरोप तिला मरणापूर्वी सांगायला कोणी धजेना, म्हणून मास्तर गेले.

ते आता तुकड्यातुकड्यांनी सांगू लागले. दोन वाक्यं, मग हवा, मग दोन वाक्यं. मी तिच्या खाटेपाशी बसलो. सांगितलं, इंदुबाई, कबर उघडता येणार नाही. मला वाटलं, रडेल, शिव्या देईल. ती हसली रे. असू द्या मास्तर, म्हणाली. तिच्या अंगात बोटभर मांस उरलं नव्हतं आणि तोंडावर इतका आनंद होता, की मला बघवेना. तिनंच मला धीर दिला. तुम्ही नका वाईट वाटून घेऊ, म्हणाली.

"एकतीस वर्षं," मास्तर म्हणाले. "मी लोकांच्या उशाशी बसलो. भिऊ नका, सांगितलं. किती जणांना. आता माझी पाळी आली, आणि मी भितो. रात्रंदिवस भितो. डोळे मिटले की वाटतं, पलीकडे काहीच नाही."

असं बोलणं त्या घरात कधी कोणी ऐकलं नव्हतं. पंच माणूस! ज्याच्या हातून अर्ध्या मंडळीनं प्रभुभोजनाचा प्याला घेतला, तो!

"भीती सगळ्यांनाच वाटते दादा," सुखदेव हळू म्हणाला. "त्यासाठी हौद कशाला हवा?"

"इंदुबाईला वाटत नव्हती. तिला काहीतरी मिळालं होतं. ते मला कधी मिळालंच नाही. चौऱ्याहत्तर सालच्या जागृतीच्या सभांमध्ये सगळे रडत उभे राहिले. मीपण राहिलो. शेजारचे उठले म्हणून." त्यांनी संतोषकडे मान वळवली. "तुम्ही विचारलंत, आत काही झालंय का. नाही झालं. खोटं बोलणार नाही. पण मला ते हवंय. मरायच्या आधी एकदा हवंय."

संतोष खाटेजवळ येऊन बसला. त्याचे डोळे भरले होते. "इतकं हवंसं वाटणं हेपण आपोआप होत नाही मास्तर," तो म्हणाला. "मी बुडवतो तुम्हाला."

सुखदेव भिंतीला हात लावून उभा होता. त्याला भावाची कीव येत होती आणि भावाचा संतापही येत होता. दोन्ही एकदम येत होतं, म्हणून त्याला धड काहीच करता येईना. तो सुंदराबाईंकडे वळला.

"वहिनी, तुम्ही बोला. पाणी घेतलं तर मला ती कबर उघडता येणार नाही. आज ह्याच्यासाठी उघडली, तर उद्या इंदुबाईची लेक माझ्या दारात उभी राहील, आणि तिचं बरोबर असेल. हा कुठंतरी लांब, महापालिकेच्या जागेत जाईल. तुम्ही इकडे. करुणा तिथं आहे वहिनी. तुम्ही दर नाताळात तिला फुलं नेता. सांगा ह्याला."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. सुंदराबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले. पन्नास वर्षांत त्या खोलीतल्या एकाही माणसानं कुठलाही निर्णय तिला विचारून केला नव्हता. आणि विचारायला आले, ते हा निर्णय!

"एकतीस वर्षं लोकांच्या उशाशी जाऊन बसला, तो कोण होता मग?" ती नवऱ्याला म्हणाली. "माझा ताप उतरेना तेव्हा रात्रभर पट्ट्या ठेवल्या, तो कोण? तो जन्मलाच नव्हता होय?"

मास्तरांनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. अहो, त्या नजरेत काय होतं! पाण्यावाचून तडफडणाऱ्या माणसाला तुझ्या विहिरीचं पाणी गोड आहे की खारट, असं काय विचारायचं? तिला आपले शब्द निरुपयोगी वाटले. करुणाच्या कपाळावरचं जावळ तिला आठवलं, ती लाकडी पेटी आठवली, आणि इतकी वर्षं मनाशी म्हटलेलं आठवलं, की बाळा, थोडे दिवस, मग आम्ही दोघंही येतो.

"त्यांना काय हवंय ते द्या," ती म्हणाली.

"वहिनी!"

"मरणाऱ्या माणसाला नाही म्हणू मी? तुम्ही म्हणा भाऊजी. तुमच्यात धमक असेल तर."

सुखदेवमध्ये ती नव्हती. तो भावाजवळ गेला, वाकला. दोघा म्हाताऱ्यांची कपाळं जवळजवळ टेकली. "दादा, मी सही करणार नाही. आणि मातीलाही येणार नाही. तू मला येण्यासारखं ठेवलं नाहीस."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले.

सुखदेव गेला. बाहेर चपला घालायला त्याला फार वेळ लागला. जाताना त्यानं दार ओढून घेतलं नाही, ते उघडंच राहिलं.

दीपालीनं डोळे पुसले आणि ट्रेमधून ऑक्सिमीटर उचलला. काकांना तिनं बोलावलं होतं, आणि आता ती काकांच्या बाजूची उरली नव्हती. कोणाच्याच बाजूची नव्हती. ती वॉर्डातल्या आवाजात बोलायला लागली. "नळी काढल्यापासून नव्वद सेकंद. मी मोजणार. साठला मी ओरडेन, तेव्हा ते पाण्याबाहेर हवेत. भाषण नाही, गाणं नाही, आधीच काय ते करून घ्या. अनि, पाण्यात गरम पाणी ओत. आणि माझ्या डोळ्यांत बघून सांग, की ते पाण्यातच गेले तर तू मला कधी दोष देणार नाहीस."

"नाही देणार ताई."

"मी देईन तुला," ती म्हणाली.

*

एप्रिलचं ऊन मागच्या भिंतीवरून अर्धं उतरलं होतं. पप्पांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आणलं तेव्हा अनिरुद्धला त्यांचं वजन लागलंच नाही. आपल्या लेकीला उचलतो तसे ते उचलले गेले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा. हौदात उतरवून बसवल्यावर पाणी त्यांच्या छातीपर्यंत आलं. एका बाजूनं पास्टर संतोष, दुसऱ्या बाजूनं तो स्वतः. शेफाली टॉवेल धरून उभी होती. वरच्या गॅलऱ्यांमधून दोन-तीन शेजारी डोकावत होते.

"शांतवन पाटोळे, येशू ख्रिस्त तुमचा तारणारा आहे, असा तुमचा विश्वास आहे?"

"आहे." तो आवाज शाळेतला होता, हजेरी घेतानाचा. अनिरुद्धच्या अंगावर काटा आला.

दीपालीनं नळी काढली. "सुरू."

"पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं..."

ते मागं गेले. पाणी त्यांच्या तोंडावर मिटलं. डोळे उघडे होते, आणि पाण्याखालून ते सरळ वर, अनिरुद्धकडे बघत होते. प्रभू, आत्ता. प्रभू, आत्ता दे. त्याला स्वतःचा तो दिवस आठवला, छातीतून काहीतरी उपटून काढल्यासारखं झालं होतं, आणि नंतरचं ते हलकं, रिकामं, स्वच्छ वाटणं. एवढं तर दे त्यांना. माझ्यासारख्या दारुड्याला दिलंस.

"साठ!" दीपाली किंचाळली. अजून तीसही झाले नव्हते, पण तिचा धीर सुटला होता.

त्यांना वर घेतलं. ओठ निळे पडलेले, छाती भात्यासारखी चाललेली. नळी लावली. अडुसष्ट, दीपाली म्हणाली, एकाहत्तर, थांबा कोणी बोलू नका, अठ्ठ्याहत्तर. हळूहळू आकडा चढला. अनिरुद्ध हौदात गुडघ्यावर बसला होता, त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून.

"पप्पा. पप्पा, झालं ना? काय वाटतंय? काही वाटलं?"

मास्तरांनी डोळे उघडले. लेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"झालं रे," ते म्हणाले. "झालं."

"हालेलुया!" अनिरुद्ध ओरडला आणि हुंदके देऊन रडायला लागला. माणसांनी टाळ्या वाजवल्या. वरच्या गॅलरीतल्या बाईनंही वाजवल्या, तिला कशाच्या ते ठाऊक नसताना.

*

सुंदराबाईंनी दार लावून घेतलं आणि मास्तरांचे कपडे बदलले. पाठ पुसली, काखा पुसल्या, कानांमागून टॉवेल फिरवला. बाहेर गाणं सुरू झालं होतं. त्यांचे दात वाजत होते, म्हणून तिनं दोन चादरी घातल्या आणि त्यांचे हात आपल्या हातांत घेऊन चोळत बसली.

"बरं वाटतंय ना आता?" तिनं विचारलं. तिलाही ऐकायचं होतं. एवढं दिलं होतं त्या पाण्यापायी.

ते छताकडे पाहत होते.

"काही झालं नाही गं," ते म्हणाले.

तिचे हात थांबले.

"नाकात पाणी गेलं. थंडी वाजली. बाकी काही नाही. आधी होतं तसंच आहे सगळं." त्यांनी दम घेतला. "अनिला सांगू नकोस. त्याचा सगळा संसार ह्या विश्वासावर उभा आहे. मी नाही म्हणालो असतो, तर त्याला वाटलं असतं, आपलंही खोटंच होतं की काय. परत बाटली धरली असती त्यानं."

"नाही सांगत."

"जन्मात खोटं बोललो नव्हतो."

"माहीत आहे मला."

"सुखदेव बरोबर बोलत होता. आता लांब कुठंतरी टाकतील मला." त्यांनी तिचा हात घट्ट धरला. म्हाताऱ्या, निकामी बोटांत एवढा जोर कुठून आला कोण जाणे. "तू जा करुणाजवळ. तू यादीत आहेस. माझ्यासोबत नको येऊ. पण मला भीती वाटते गं. फार भीती वाटते."

ती त्यांच्याजवळ बसून राहिली, ते झोपेपर्यंत. झोप म्हणजे काय, ग्लानीच ती. मग ती उठली. तिला आतून भाजल्यासारखं होत होतं. देवाचा राग आला होता, लेकाचा आला होता, त्या निळ्या हौदाचा आला होता, आणि सगळ्यात जास्त आला होता स्वतःचा, की द्या म्हणून आपणच सांगितलं. तोंड धुऊन ती मागच्या दारी आली.

गाणं संपलं होतं. दोन माणसं हौद कलता करून पाणी मोरीत सोडायच्या बेतात होती. अनिरुद्ध ओल्या कपड्यांतच पायरीवर बसला होता, सहा वर्षांची काळजी अंगावरून उतरलेली. इतका निवांत तिनं त्याला लहानपणानंतर पाहिला नव्हता.

"मम्मी, पप्पा काय म्हणाले?"

"काय म्हणणार? सुखात आहेत. झोपलेत."

"स्तुती असो." त्यानं तिचा हात गालाला लावला. "आता तूच राहिलीस मम्मी. जबरदस्ती नाही हां. तुला वाटेल तेव्हा."

सुंदराबाईंनी हौदाकडे पाहिलं.

"पाणी ओतू नका," ती म्हणाली.

माणसं थांबली. अनिरुद्ध उभा राहिला. संतोष पुढं आला. कोणाला पाण्यात ढकलणारा माणूस नव्हता तो. "आई, घाई नको," तो हळूच म्हणाला. "तुमच्या आत काही झालं असेल, तरच."

"झालंय," ती म्हणाली. "आत्ताच झालंय."

दीपालीनं तिचा दंड धरला आणि तिला बाजूला ओढलं. "मम्मी, काय बोलतेस? तुझं नाव कापतील. करुणा तिथं एकटी राहील!"

"तिच्यापाशी तिची आजी आहे," सुंदराबाई म्हणाली. "ह्यांच्यापाशी कोण आहे?"

मग तिनं चष्मा काढून लेकीच्या हातात दिला आणि लुगड्याचा काठ वर धरून हौदाकडे गेली.